घोडीवाचून घोडेस्वारी

माहेरी चातुर्मास लागला की घोडीचा साज पेटीत जातो. आषाढातली एकादशी झाली, लग्नाचे मुहूर्त संपले, की माझा धाकटा भाऊ जगन उन्हाची एखादी तिरीप गाठून मखमली झूल वाळवतो, कलगी वर्तमानपत्रात गुंडाळतो, घुंगरांचा पट्टा नारळाच्या शेंडीने घासून लख्ख करतो आणि डांबराच्या गोळ्या टाकून सगळं पत्र्याच्या पेटीत बंद करतो. मग मला फोन येतो. "ताय, देव निजलं. साज बांधला." एवढंच. पुढे कसं काय, बरं आहे का, काही नाही. यंदाही आला. मी कळव्याच्या घरी गॅलरीत एका पायावर उभी राहून वाल सोलत होते. फोन ठेवला आणि पाय बदलला.

एका पायावर का, असं घरी येणारं प्रत्येक माणूस विचारतं. नवस आहे का, असंही एकीने विचारलं. नवस नाही. काही वर्षांपूर्वीचा एक चातुर्मास माझ्या पायांत राहून गेलाय, तो अजून निघालेला नाही.

आमचं गाव मलंगगडाच्या रस्त्याला. विठ्ठलवाडीला उतरायचं आणि रिक्षा करायची. गाव म्हणायचं ते सवयीने, कारण भाताच्या खाचरांवर आता टॉवर उभे आहेत आणि त्यांच्या मधल्या पट्टीत आमचं घर, एक रायवळ आंबा आणि पत्र्याचा तबेला एवढंच उरलंय. बाबा पावसात भात लावायचे आणि लग्नसराईत वरातीला घोडी द्यायचे. भात गेला, घोडी राहिली. हल्लीची मोगरी. पांढरी, कानांच्या टोकांना जराशी करडी, आणि स्वभावाने थेट आमच्या थोरल्या आत्यासारखी. खायला दिलं की मायाळू, नाहीतर पाठ करून उभी.

वरातीच्या घोडीचं आयुष्य लोकांना वाटतं तितकं सुखाचं नसतं. नवरदेव हा जगातला सगळ्यांत वाईट घोडेस्वार. तो फेटा सांभाळतो, तलवार सांभाळतो, फोटोवाल्याकडे बघतो. घोडीकडे त्याचं लक्ष नसतं. भाताचं पोतं निदान गप्प तरी बसतं. हे वर बसून हातवारे करतं, मित्र खालून त्याला हलवतात, पुढे बेंजो कडाडतो आणि त्या ठेक्यावर घोडीने नाचायचं. मोगरीच्या पाठीवर खोगिराखाली दोन्ही बाजूंना घासून टवके उडालेले असायचे. चातुर्मासात तिथे हळूहळू केस यायचे.

तुळशीचं लग्न लागलं की पेटी उघडायची. हंगामात घोडी पहिल्यांदा बाहेर पडते त्या दिवशी आमच्याकडे घरच्या सवाष्णीने तिच्या कपाळाला हळदकुंकू लावायचं, भिजवलेले हरभरे आणि गूळ भरवायचा, मग तिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं. आधी आई लावायची. आई गेल्यावर मी. मी एसटीत कंडक्टर, खोपटच्या डेपोला. त्या दिवसाची रजा मी आधीच टाकून ठेवायचे आणि 'साज काढतोय, ये' असा जगनचा फोन आला की कळव्याहून सकाळीच निघायचे. आमचे हे त्याच डेपोत ड्रायव्हर होते. दर वर्षी म्हणायचे, "घोडीला नमस्कार सांग, म्हणावं एक सहकर्मचारी विचारत होता."

मग हे गेले. त्या वर्षी तुळशीचं लग्न झालं, आणि फोन आला नाही.

कोणी काही वावगं बोललं नाही. भावाने नाही, भावजयीने नाही. बोलायची गरजच नव्हती, सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. जगनची बायको वनिता हिने कुंकू लावलं असणार, घोडी बाहेर पडली असणार. मी त्या दिवशी पासच्या खिडकीत बसून कॉलेजच्या पोरांचे पास देत होते. गुडघ्यांमुळे तोवर मला गाडीवरून उतरवून खिडकीत बसवलं होतं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मोगरीच्या दोन डोळ्यांमधली ती ऊबदार, खरखरीत जागा माझ्या बोटाची आहे असं मी धरून चालले होते.

पुढच्या आषाढात मी माहेरी गेले आणि जगन झूल झटकत असताना त्याला म्हटलं, "मला घोडीवर बसायचंय."

हे कुठून आलं, मलाही सांगता आलं नसतं. रागातून आलं असावं. लहानपणी वरात निघाली की मी गल्लीच्या टोकापर्यंत मोगरीच्या आधीच्या घोडीचा लगाम धरून चालायचे, पण बसले कधीच नाही. जगन बसायचा. मी हट्ट केला की बाबा म्हणायचे, "ती नवरदेवाची घोडी हाय. पोरींनी बसाचा नाय." तेव्हा पोर होते म्हणून नाही, आता ही अशी म्हणून नाही. मग मी बसायचं तरी कधी?

जगनने झूल पुन्हा झटकली. तिच्यात धूळ नव्हतीच. "ताय, मैदानात चिखल हाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "आन तुझी कंबर धरलीय. अशी बसलीस तं घोडीची पाठ जाईल. पयला आंग बनवाचा. मंग बगू."

तरुणपणी तो ठाण्यातल्या एका रायडिंग क्लबात साईस होता, घोड्यांची देखभाल करायचा. तिथे पावसाळ्यात मैदान बंद झालं की स्वारांना घोड्याशिवाय कसरती करायला लावत, ते त्याने पाहिलं होतं. ते त्याला त्या क्षणी बरोबर आठवलं. आमच्या घरात 'मंग बगू'चा अर्थ 'नाही' असा होतो. नागपंचमीपर्यंत ही दमेल आणि विषय संपेल, असा त्याचा हिशेब होता. पण मी एसटीत जन्म काढलेली बाई. 'पुढच्या गाडीने या' हे मी स्वतः इतक्या जणांना सांगितलंय की त्याचा अर्थ मला दुसऱ्याने समजावायला नको. मी म्हटलं, "बरं. काय काय बनवायचं, सांग."

त्याने मला अनवाणी चिखलात उभं केलं. सरळ उभी राहा, समोरच्या टॉवरकडे बघ, आता बाजूला हो. मी बाजूला झाले. चिखलात माझ्या दोन पावलांचे ठसे उमटले होते. डावं खोल रुतलेलं, उजवं नुसतं टेकल्यासारखं. "बग," तो म्हणाला, "सगला भार एकीकडं. मानसाला चालतंय, घोडीला नाय चालत." मी बघत राहिले. इतकी वर्षं डाव्या खांद्याला पैशांची पिशवी, डावा कुल्ला सीटच्या दांडीला टेकलेला, आणि उजवा हात तिकिटं द्यायला मोकळा. धावत्या गाडीत मी अशी उभी राहिले होते आणि उतरल्यावरही तशीच राहिले होते. आपण वाकडे झालोत, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

मग तो सगळा चातुर्मास सरळ होण्यात गेला.

जगनने तबेल्यातल्या चार खांबांना दोर बांधून एक निळं पिंप आडवं टांगलं. त्यावर गोणपाट, गोणपाटावर जुनी गोधडी. ही माझी घोडी. रिकीब नाही, लगाम नाही, मांड्यांनी धरायचं नाही, नुसतं तोल सांभाळून बसायचं. तो दोर ओढायचा आणि मी खालच्या पेंढ्यात. वनिता पहिल्या दिवशी खांबाला धरून हसत होती. "ताई, पिंपानं पण उतरवला तुम्हाला!" मोगरी आपल्या जागेवरून हे बघायची आणि मग पाठ करायची.

घरचा अभ्यास वेगळा. जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून टाचा खाली सोडायच्या. स्टुलावरून हाताचा आधार न घेता उठायचं, न घेता बसायचं. भाकऱ्या थापताना एका पायावर, मग दुसऱ्या पायावर. आणि पेले. दोन्ही कोपरं अंगाशी, दोन्ही मुठींत काठोकाठ भरलेला एकेक पेला, आणि बिल्डिंगचा जिना चढायचा. अंग हललं तरी हात हलता कामा नये. "लगाम म्हंजी तिचा तोंड हाय, ताय," जगनने बजावलं होतं. "तुझा हात हालला का तिला लागतंय." मी पेले घेऊन चढताना खालच्या मजल्यावरचे काका दार उघडून उभे असायचे. एकदा त्यांनी अदबीने ओंजळ पुढे केली. त्यांना तीर्थ वाटलं होतं. मी थोडं दिलं, उगाच कशाला मोडता घाला.

डेपोतही लपून राहिलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी बाकावर उठ-बस करताना एक नवीन कंडक्टर पोरगी म्हणाली, "मॅडम, ये क्या चल रहा है? मॅरेथॉन आहे का?" म्हटलं, घोड्यावर बसायचंय. तिने डोळे मोठे केले आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या शेजारी उठ-बस करायला लागली. घोडं राहू दे, सहाआसनी रिक्षात बसायचीही माझी ऐपत नाही, पण तुमच्यासोबत करते, म्हणाली.

दुडक्या चालीवर स्वाराने घोड्याच्या पावलांबरोबर उठायचं आणि बसायचं असतं. त्याला ताल लागतो. जगन पत्र्याच्या डब्यावर काठीने ठोके द्यायचा, पण ते मला साधेना. मग मी आपोआप हळदीत वाजतो तो बेंजोचा ठेका गुणगुणायला लागले, आणि त्यावर माझं अंग बरोबर उठू-बसू लागलं. आमच्याकडे मूल चालायच्या आधी त्या ठेक्यावर हलायला शिकतं. तेव्हा हे चांगलंच जमलं असं वाटून मी सगळ्या कसरती त्याच ठेक्यावर करू लागले. जगनही मान हलवून दाद द्यायचा. यात काही घोटाळा आहे, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

श्रावणातली एक दुपार आठवते. बाहेर नुसती रिपरिप, तबेल्यात ओल्या पेंढ्याचा आणि लिदीचा वास. मी पिंपावर डोळे मिटून बसले होते. जगन दोर ओढणार त्याच्या किंचित आधी माझ्या अंगाला ते कळलं आणि मी त्या बाजूला आपसूक कलले. त्याने उजवीकडून ओढला, डावीकडून ओढला, झटका दिला. मी पडले नाही.

"कसा समजला तुला?" त्याने विचारलं.

"ह्यांच्या गाडीवर शिकले," मी म्हटलं.

ते खरं होतं. कधीमधी आम्हा दोघांची एकाच गाडीवर ड्युटी लागायची. मी पाठमोरी उभी असले तरी हे ब्रेकवर पाय ठेवणार हे मला तळव्यांतून कळायचं. घाटात वळण घ्यायच्या आधी ह्यांची गाडी जराशी श्वास घेतल्यासारखी थांबायची, आणि मी तिकीट फाडता फाडता गुडघे सैल सोडायचे. संसारात आम्ही पुष्कळ भांडलो, पण गाडीत माझा तोल ह्यांनी कधी जाऊ दिला नाही. हे गेल्यावर मी घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालायला लागले होते. लोकांना वाटायचं गुडघे. गुडघे होतेच, पण मला चालवणारं कोणी आहे ही पायांची खात्री गेली होती. ती त्या दुपारी, एका निळ्या पिंपावर, क्षणभर परत आली.

जगनने दोर सोडून दिला आणि मोगरीला चारा घालायला गेला. चारा होता की समोर. पण त्या दिवसानंतर तो मला शिकवू लागला. तोवर नुसता वेळ काढत होता. रोज संध्याकाळी फोन. "पेले जाले?" झाले म्हटलं की ठेवून द्यायचा.

गणपतीत मी माहेरी गेले तेव्हा वनिता आणि मी चुलीशी होतो. ती तांदळाच्या भाकऱ्या थापत होती, मी उलटत होते. ती खाली बघूनच म्हणाली, "ताई, ह्यांना तुम्ही नको असा नाय. ते घाबरतात. गिऱ्हाईक काय बोलंल, नवरदेवाच्या घोडीवर अशी..." तिने पुढची भाकरी थापायला घेतली.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी काय सांगू? त्या दिवशी ताट मी घेतला, आन घोडी मान फिरवून रस्त्याकडं बघत व्हती. मना वाटला तुमचीच वाट बघते."

भाकरी फुगली होती, ती मी टोपलीत टाकली. तिचा राग कधी आलाच नव्हता, आणि जगनचाही येईना. घोडीवर त्याचं घर चालतं. कुठल्याशा वरमाईने नाक मुरडलं की अख्ख्या पंचक्रोशीत होतं. मला हे कळत होतं, आणि तरी मला बसायचं होतं. माहेर माझं आहे का नाही, हे मला एकदा कळून घ्यायचं होतं, आणि ते विचारायची दुसरी रीत मला माहीत नव्हती.

आश्विनात ऊन चटका देऊ लागलं. एका सकाळी फोन आला. "मैदान सुकलाय." मी वाट बघितली. मग तो म्हणाला, "ये."

ओट्यावर चढून मी मोगरीवर बसले. टाचा खाली, कोपरं अंगाशी, नजर दोन कानांच्या मधून समोर. पिंपाला ऊब नसते, श्वास नसतो, हे विसरलेच होते. ती चालू लागली आणि तिची पाठ माझ्या खालून डावी-उजवी, डावी-उजवी सरकत गेली. मी काहीच केलं नाही, कंबर सैल सोडली. जगन दोर धरून बाजूने चालत होता. मग तो म्हणाला, "आता दुडकी," आणि मोगरी दुडकायला लागली. मी उठले, बसले, उठले, बसले. जमत होतं! आणि जमतंय या आनंदात माझ्या तोंडून तो ठेका सुटला.

मोगरी थांबली. कान ताठ झाले. एवढी वर्षं तो ठेका ऐकला की काय करायचं हे तिच्या अंगात मुरलेलं. तिने पुढचा एक पाय उचलला, मान वळवली आणि भर मैदानात, भर दिवसा, नवरदेव नाही, बँड नाही, ती नाचायला लागली.

"ताय, गाना बंद कर!" जगन ओरडला.

"कुठलं गाणं?" मी ओरडले, कारण मी गुणगुणतेय हे मला कळतच नव्हतं. ती पुढून उचलायची, मागून झुलायची, आडवी सरकायची. टॉवरच्या गॅलऱ्यांत लोक उभे राहिले, मोबाइल निघाले. आणि मी पडले नाही. माझे गुडघे सैल होते, डावं-उजवं सारखं होतं, आणि हातात पेले असते तर थेंब सांडला नसता. शेवटी मला हसू आलं, हसण्यात ठेका तुटला आणि मोगरी उभी राहिली. जगन मातीत बसून हसत होता, पोट धरून. वनिता धावत आली ती हसत आणि रडत. मला ह्यांची फार आठवण आली. हे असते तर म्हणाले असते, सहकर्मचारी उत्तम नाचते.

लोक बोलतील म्हणून एवढी भीती होती, तर लोक बोलले. टॉवरमधल्या दोन बायका दुसऱ्याच दिवशी विचारायला आल्या, आम्हाला पण शिकवाल का. जगन त्यांना गंभीरपणे म्हणाला, "पयला चिखलात उभ्या ऱ्हावा." चिखल सुकला होता, म्हणून त्या पुढच्या चातुर्मासाला आल्या. आता दर वर्षी ते निळं पिंप श्रावणात गजबजलेलं असतं.

त्याच वर्षी तुळशीचं लग्न झालं. "साज काढतोय, ये," असा फोन आला. मी गेले. बसायला मिळालं होतं, मला तेवढं पुरे होतं, म्हणून तबेल्याच्या कडेला आंब्याखाली पाहुण्यासारखी उभी राहिले. दोन गल्ल्या पलीकडच्या घरचं लग्न होतं. त्यांच्याकडच्या बायका बेंजो घेऊन घोडी न्यायला आल्या होत्या. मोगरी झूल-कलगी घालून उभी. झुलीखालचे टवके चातुर्मासात भरून आले होते.

वनिता ताट घेऊन घरातून निघाली. घोडीपाशी आली आणि घोडीला ओलांडून सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ताट तिने माझ्या हातात दिलं. नवरदेवाच्या आत्याने माझ्या कपाळाकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं, मग जगनकडे पाहिलं. बेंजोवालेही थांबले.

जगन वाकून घोडीच्या पोटाखालचा तंग आवळत होता. त्याने मान वर केली नाही. "घोडीला हलद-कुंकू आमची ताय लावते," तो म्हणाला. "तिची घोडी हाय."

आत्याबाईंनी पदर सावरला आणि एक पाऊल मागे सरून मला वाट करून दिली.

मी हळदीत बोट बुडवलं, मग कुंकवात. तो अख्खा पावसाळा मी हात न हलवायला शिकले होते. जिन्यावर, पिंपावर, नाचत्या घोडीवर माझा हात हलला नव्हता. तिथे मात्र तो असा थरथरायला लागला की आवरेना. मोगरीने मान खाली करून कपाळ पुढे केलं आणि माझं बोट टेकलं ते बाजूलाच.

"वाकडं लागलं रे," मी म्हटलं.

"ऱ्हाव दे," जगन म्हणाला, आणि तसंच वाकडं कुंकू ल्यालेल्या मोगरीला त्याने उंबऱ्याबाहेर काढलं.